मुंजाची चपळाई

चिंतामण कोरान्ने यांचा उजवा पाय स्थिर असलेला मी फक्त एकदा पाहिला. एरवी माणूस खुर्चीत टेकला की पाय सुरू. टेबल हलायचं, टेबलावरचा चहा हलायचा, आणि शेजारी बसून मी हजेरी लिहीत असले तर माझी अक्षरंही हलायची. "कोरान्ने सर, पाय!" असं मी दिवसातून दहा वेळा तरी ओरडत असेन. ते "सॉरी, सॉरी सुनंदाताई" म्हणायचे आणि डावा पाय हलवायला लागायचे.

नव्वदीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आपल्या पोराला कॉम्प्युटर आला नाही तर ते वाया जाणार, असं उज्जैनमधल्या सगळ्या आईबापांना एकदमच वाटायला लागलं होतं. फ्रीगंजात टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर बन्सलजींचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे मी टायपिंग शिकवायची आणि कोरान्ने सर प्रोग्रामिंग. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, म्हणून देवळात काढतात तशा चपला बाहेर काढायच्या. उन्हाळ्यात निम्मे विद्यार्थी नुसती थंड हवा खायला येत असावेत असा माझा दाट संशय होता.

मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमचा जीव किती असेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती मार खाऊन उभ्या राहाल? मी साठ धरून चाललोय. ताकद पंधरा. जिभेची ताकद वेगळी लिहावी लागेल, असं दिसून राहिलंय."

मी तिथल्या तिथे पर्स उचलली होती. बन्सलजी आडवे आले. "मैडम, बुरा मत मानिए. ये सबको नंबर देते हैं. मुझे अक्कल में चार दिए हैं."

मग उलगडा झाला. कोरान्ने सर एक खेळ तयार करत होते. एक वाटसरू जंगलातून निघालेला असतो. वाटेत त्याला भुतं, राक्षस भेटतात, त्यांच्याशी लढत त्याला पुढे जायचं असतं. असले खेळ परदेशातून फ्लॉपीवर यायचे आणि एकाचे दहा होऊन गावभर फिरायचे. सरांचं म्हणणं, त्यातले राक्षस आपले नाहीत, त्यांची आपल्याला भीतीच वाटत नाही. आपला मुंजा घ्या, हडळ घ्या, खवीस घ्या. त्यांनी एक जाडजूड रजिस्टर घातलं होतं. त्यात प्रत्येक भुताला एक पान, आणि पानावर चार आकडे: जीव, ताकद, चपळाई, अक्कल. हे आकडे ते रोज खोडत आणि रोज नवे लिहीत.

"भूत काढणं सोपं आहे हो," ते येरझारा घालत सांगायचे. बसून त्यांना फार वेळ बोलता यायचं नाही. "आकडे जमवणं अवघड. राक्षस हरलाच पाहिजे, पण उशिरा हरला पाहिजे. लवकर हरला तर खेळणारा जांभया देणार. हरलाच नाही तर उठून जाणार. आणि खेळणारा हरला, तर घरी जाताना त्याला कळलं पाहिजे की चूक माझीच होती. नाही कळलं, तर मी चोर."

आणखी एक नियम होता, आणि त्याबाबतीत ते कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. पहिला वार खेळणाऱ्याचा. त्याने कळ दाबेपर्यंत कितीही भयंकर भूत असो, ते जागचं हलणार नाही. एकदा वार झाला की मात्र भूत उलटून येणार, आणि ते पोचायच्या आत खेळणाऱ्याने ढालीची कळ दाबायची. भुताची चपळाई जेवढी जास्त, तेवढा ढालीला वेळ कमी. आणि फार आधी उचलली, तर भूत पोचायच्या आतच ढाल खाली यायची.

आकडे नुसते मनाने लिहिलेले त्यांना चालायचे नाहीत. खेळात एक पिसाळलेला सांड हवा होता. टावर चौकात भाजीच्या गाड्यांमध्ये एक काळा सांड कायम उभा असे. सरांनी रजिस्टरात लिहिलं: जीव दोनशे, ताकद चाळीस, चपळाई एक. मग त्या एकाने त्यांचा जीव खाल्ला. एवढं मोठं धूड वळायला नेमका किती वेळ घेतं? भर सकाळी, लोक पोहे-जलेबी खात असताना, हे हातात घड्याळ धरून सांडाच्या मागे गेले आणि त्याच्या शेपटीला हात लावला. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. पुढच्या क्षणी सर वांग्यांच्या गाडीत होते. भाजीवाला शिव्या देत होता, लोक हसत होते, आणि वांग्यांतून आवाज आला, "तीन! सुनंदाताई, लिहून घ्या, चपळाई तीन!"

त्यानंतर आठवडाभर ते लंगडत होते. पण येरझारा चालूच.

बन्सलजींनाही पुढे त्या खेळाचा नाद लागला. दुपारी केबिनचं दार लावून ते खेळत. पण खवीस त्यांना काही केल्या हरेना. एक दिवस ते घाम पुसत बाहेर आले. "कोरान्ने जी, उसका जीव थोड़ा कम कर दो ना. पचास-साठ. किसको पता चलेगा?"

"खवीस को पता चलेगा," सर म्हणाले.

"अरे, मालिक हूँ मैं!"

"आप ढाल जल्दी उठा लेते हैं. देर से उठाइए, हो जाएगा."

बन्सलजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी केबिनमधून त्यांची आरोळी ऐकू आली आणि सगळ्या क्लासला समोसे मिळाले. समोसा खाताना सर मला म्हणाले, "मी कमी करून दिलं असतं, तर हे समोसे आले असते का?" असा हा माणूस आकड्यांच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

खेळातली चित्रं त्यांनी भैरवगढहून आणली. तिथले छिपे लाकडी ठशांनी कापडावर छपाई करतात. सर चौकटीचा कागद घेऊन त्यांच्या कारखान्यात जायचे आणि ठशातले ठिपके मोजत बसायचे. कॉम्प्युटरवरचं चित्रही शेवटी ठिपक्यांचंच. त्यामुळे त्यांची हडळ वेलबुट्टीची होती, आणि मुंजाच्या धोतराला चादरीची किनार होती. तिथूनच दोन छोटे ठसे त्यांनी मागून आणले, एक कैरीचा आणि एक फुलाचा. फ्लॉपीवर नाव लिहिलं की विद्यार्थी पळवतात, म्हणून ते लेबलावर ठसा मारायचे.

कैरी म्हणजे खरा खेळ. फूल म्हणजे काय, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

सरांच्या घरी ते आणि त्यांचे वडील अण्णा, दोघंच. अण्णा रेल्वेत गार्ड होते. तीस वर्षं हिरवा झेंडा दाखवला, पण वेळेच्या आधी एकदाही नाही, असं ते स्वतःच सांगायचे. कॅरममध्ये त्यांनी सहा वर्षांच्या चिंतामणला कधी जिंकू दिलं नव्हतं. पोरगा रडायला लागला की म्हणायचे, "रड, आणि मग रीबाउंड शिक." निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं, पण झेंड्याचा उजवा हात तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. अण्णा रबरी चेंडू दाबायला तयार नव्हते. "मी काय लहान पोर आहे?" मग सरांनी क्लासमधल्या भंगारातून एक जुना कॉम्प्युटर जुळवला, घरी नेला आणि अट घातली: खेळायचं, पण उजव्या हाताने.

अण्णा खेळायला लागले. महिन्याभरात त्यांनी पिंपळावरच्या मुंजाला हरवलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले, आणि सरांनी आमच्यासाठीही आणले. मी पेढा तोंडात टाकत म्हटलं, "कमाल आहे अण्णांची. मला तो मुंजा अजून ढाल उचलू देत नाही." सरांनी पेढ्यांचा डबा पुढे सरकवला. दोन्ही पाय हलत होते.

मग बंगलोरच्या एका कंपनीची जाहिरात आली. खेळ बनवणारी माणसं हवी होती, नमुना पाठवा म्हणाले होते. सर तर पेटलेच. पंधरा दिवस त्यांनी सगळ्या भुतांचे आकडे पुन्हा तपासले. अण्णांचं एकच म्हणणं होतं, शुभकार्याचं पहिलं आमंत्रण चिंतामण गणपतीला जातं, तेव्हा ही फ्लॉपीसुद्धा आधी त्याच्या पायाशी ठेवून मगच पाठवायची. पोराचं नावही त्यांनी त्याच देवावरून ठेवलं होतं. मला भाचीच्या लग्नाची पत्रिका तिथे ठेवायची होतीच. मी सरांच्या स्कूटरवर मागे बसून गेले.

देवळात गर्दी होती. सरांनी पिशवीतून फ्लॉपी काढली. एक नव्हे, दोन.

"दुसरी कोणती?"

"घरची आहे. अण्णांची. तिलाही लागू दे पाया."

पुजाऱ्याने दोन्ही देवाच्या पायाशी ठेवल्या, वर चांगला बोटभर शेंदूर फासला आणि परत दिल्या. कैरी गेली, फूल गेलं, दोन्ही लेबलं सारखीच केशरी. सरांनी रुमालाने पुसून पाहिलं, तसा शेंदूर आणखी पसरला.

"क्लासवर जाऊन कॉम्प्युटरवर बघू," मी म्हटलं.

"फ्रीगंजात लाइट नाहीये. आणि कुरियर पाचला बंद होतं."

"मग उद्या पाठवा. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"उद्यापर्यंत मी जिवंत राहणार नाही हो!" त्यांनी दोन्ही फ्लॉप्या उन्हात धरल्या, तिरक्या केल्या, एकीवर त्यांना कैरीचं टोक दिसल्यासारखं वाटलं. "हीच. पक्की हीच." ती बंगलोरला गेली. दुसरी घरी.

त्यानंतर पाचव्या दिवशी सर क्लासला आले ते चप्पल घालूनच एसीच्या खोलीत शिरले. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, बाहेर गेले, पुन्हा आले. मला हाताने खूण करून जिन्यात बोलावलं.

"अण्णा मुंजाकडून हरलेत. चार दिवस झाले. त्या दिवशी दिवसभर खेळून एकदाही ढाल उचलता आली नाही."

"मग? मीही हरते."

"तुम्ही खऱ्या मुंजाकडून हरता," ते म्हणाले, आणि मग एका दमात सगळं बाहेर पडलं. फूल म्हणजे अण्णांसाठी वेगळा केलेला खेळ. त्यात सगळी भुतं मंद केलेली. खऱ्या खेळात मुंजाची चपळाई बारा, फुलात चार. अण्णांचा हात ढालीच्या कळेपर्यंत पोचेपर्यंत तो मुंजा वाट बघायचा. आणि फूल आता बंगलोरला होतं.

मला खरं सांगायचं तर हसू आलं. खवीस को पता चलेगा म्हणणारा हा माणूस! "त्यात काय एवढं? घरच्या कॉम्प्युटरवर आकडा बदला. बाराचे चार करा. अण्णा उद्या जिंकतील, विषय संपला."

"केले. पहिल्याच संध्याकाळी केले. पण ते हातच लावत नाहीत आता." सर जिन्याच्या तीन पायऱ्या उतरले आणि पुन्हा चढले. "हात शालीत गुंडाळून बसलेत. म्हणतात, परवा जमत होतं, आज जमत नाही, म्हणजे डोक्यात पुन्हा काहीतरी फुटलं. डॉक्टर म्हणाले तसं काही नाही, तर म्हणे डॉक्टर खोटं बोलतोय. काल मला जवळ बसवून निरवानिरव कशी करायची, कोणाला कळवायचं ते सांगितलं. जेवत नाहीयेत, सुनंदाताई."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. खरं सांगावं तर ते पेढे खोटे ठरणार. न सांगावं तर म्हातारा आपण संपलो असं समजून खरंच संपणार. आणि मुलाने स्वतःच घातलेला नियम होता, की हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळलंच पाहिजे. ते मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते माझ्यावर चिडले. पुढचा तास ते रामघाटापर्यंत पायी जाऊन आले, असं नंतर कळलं. आल्यावर म्हणाले, "चला माझ्याबरोबर. तुमच्यासमोर ते ओरडणार नाहीत."

ही त्यांची दुसरी चूक. अण्णा माझ्यासमोर व्यवस्थित ओरडले.

आधी मात्र ते नुसते ऐकत होते. अंगावर शाल, समोर बंद कॉम्प्युटर. सर उभ्या उभ्या बोलत होते, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "कधीपासून हे?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी मरतुकड्या भुताला मारून कॉलनीत पेढे वाटले?"

"अण्णा, तुमचा हात..."

"माझ्या हाताचं मी बघीन! साठ वर्षांचा होऊन मी तुझ्याकडून जिंकवून घेऊ? तुला मी कधी एक डाव सोडला होता का? शर्मा गार्डला फोन करून सांगितलं मी! बेशरम!" ते इतके संतापले की शाल खाली पडली. मी घाबरून पाणी आणायला उठले. आणि तेव्हा मला दिसलं, की उजव्या हाताची मूठ वळलेली होती.

सरांनाही ते दिसलं असावं. ते मान खाली घालून बसले होते. रडत होते.

अण्णांनी डाव्या हाताने शाल उचलून बाजूला टाकली. मग अण्णा म्हणाले, "रजिस्टर आण."

सरांनी आणलं. अण्णांनी चष्मा लावून मुंजाचं पान काढलं, बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि मला किती दिला होतास?"

"चार."

"एवढा खाली होतो मी?" त्यांनी पान तसंच उघडं ठेवलं. "म्हणजे डोकं गेलेलं नाही."

"नाही अण्णा."

"पाच कर."

त्या दिवशी ते जेवले. तिथून पुढे दीड वर्ष कोरान्न्यांच्या घरात तोच कार्यक्रम होता. पाचाचा मुंजा हरायला तीन आठवडे लागले. मग सहा. आकडा बदलताना अण्णा शेजारी उभे राहून बघायचे, पोराने पुन्हा दगाबाजी केली तर? सकाळी स्कूटर निघताना अण्णा गॅलरीत उभे राहायचे. मुंजा सातावर आला तेव्हा त्यांनी ट्रंकेतला जुना हिरवा झेंडा काढला आणि उजव्या हाताने धरून दाखवला. झेंडा बराच खाली होता, पण सर त्याशिवाय स्कूटरला किक मारेनासे झाले. त्यामुळे त्यांना क्लासला रोज उशीर होई, कारण अण्णा घड्याळ बघूनच झेंडा वर करत.

बंगलोरचं उत्तर मधेच आलं होतं. चित्रं फार आवडली, पण भुतं अगदीच गरीब आहेत, असं काहीसं. मी म्हटलं, आता खरी फ्लॉपी पाठवा. त्यांनी पाठवली. तिकडून बोलावणं आलं, तर हे महाशय जाईनात, नंतर येतो म्हणून कळवून मोकळे झाले.

"अण्णा आठवर आहेत," ते म्हणाले. "आता कुठे जाऊ?"

मी त्यांना मूर्ख म्हटलं. आज म्हणणार नाही.

अण्णा गेले ते एका मंगळवारी दुपारी, जेवून आडवे झाल्यावर, झोपेतच. मी तेराव्यानंतर भेटायला गेले. दार उघडंच होतं. सर कॉम्प्युटरसमोर अण्णांच्या खुर्चीत बसले होते. पडद्यावर पिंपळ होता आणि पिंपळाखाली चादरीच्या किनारीचं धोतर नेसलेला मुंजा.

मी शेजारी बसले. बंगलोरला कधी निघताय, असं काहीतरी विचारलं. पुढच्या आठवड्यात, ते म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी त्यांनी अकराचा हरवला," मग तेच म्हणाले. "मी क्लासला निघालो होतो. मला परत वर बोलावलं. म्हणाले, बारा करून जा. मला उशीर होत होता, म्हटलं संध्याकाळी करतो. तर म्हणे, तुला कधी एका जागी थांबता येतं का? दोन मिनिटं थांब. मग केला बारा."

"मग खेळले ते?"

"माहीत नाही. मी आलो तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. असाच. हा असाच उभा होता."

मी पडद्याकडे पाहिलं. मुंजा हलत नव्हता.

"एकदा खेळून बघा की," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी."

कोरान्ने सरांनी नकाराची मान हलवली. दोन्ही हात मांडीवर होते, आणि पाय, दोन्ही पाय, जमिनीवर टेकलेले, अगदी स्थिर.

"पहिला वार अण्णांचा आहे," ते म्हणाले. "तोवर तो थांबेल."